पाहुण्यांविषयीचा नियम चौथा

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. मावशीची तब्येत उत्तम आहे, आवाज तर त्याहूनही उत्तम. माझी मात्र विचारू नकोस. मी हे पत्र टायपिंगच्या दुकानातल्या बाकावर बसून लिहीत आहे आणि गेले चार दिवस झोपतोही त्याच बाकावर. (बाक पाच फुटांचा आहे. माझी उंची तुला माहीत आहेच.)

हे कसे घडले ते क्रमाने सांगतो. वर्षभरापासून मी मोबाइलवर एक खेळ खेळतो. त्यात आपण एका देशाचे राष्ट्राध्यक्ष असतो आणि कायदे करतो. (दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला हे पद दुसरीकडे कोण देणार?) कायदा निवडायचा, बटण दाबायचे, की प्रजा सुधारते. माझी लोकप्रियता ब्याऐंशी टक्क्यांवर होती. फक्त विरोधक माझे कायदे रद्द करून टाकत. त्यावरून मी एवढे शिकलो की कायदा करतानाच तो रद्द करणे महाकठीण करून ठेवावे. हे शहाणपण मोबाइलमध्येच ठेवले असते तर आज डोक्याखाली उशी असती.

आपल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरकाकांचा मेहुणा दोन दिवसांसाठी आला, त्याला सात महिने झाले. तो जिन्यात आरसा टांगून दाढी करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आरसा धरायला लावतो. चेअरमनसाहेब (रिटायर्ड ओव्हरसियर) मला म्हणाले, "तुझं शुद्धलेखन चोख आहे, वकिलांचे कागद टाइप करतोस, नियमावली तूच लिही." मी फुगलो. अकरा रात्री खपून नऊ नियम लिहिले. चौथा असा, की पाहुण्याने तीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पाहुणा म्हणजे ज्याचे नाव दारावरच्या पाटीवर नाही तो. मेहुण्याने उद्या पाटीवर नाव घुसडू नये म्हणून पाटी बदलायला बाराही दारांची सही लागेल, असेही लिहिले. नियम रद्द करायलाही तेच. मीटिंगमध्ये कोणीही न वाचता हात वर केले. मेहुण्याने तर दोन्ही.

दुसऱ्या दिवशी त्याने गालाला फेस लावलेल्या अवस्थेत फलकावरचे नियम वाचले आणि मला हाक मारली, "अहो कायदेमंत्री, तुमच्या दारावर नाव कोणाचं?"

दादा, आपल्या दारावर तुझे नाव आहे. तुला नोकरी लागली तेव्हा तुझ्या बाबांनी हौसेने पितळी पाटी करून घेतली होती. तिच्यावर फक्त तुझेच नाव आहे. म्हणजे मी नऊ वर्षांपासूनचा पाहुणा आणि मावशी, तुझी सख्खी आई, चौतीस वर्षांपासूनची.

चेअरमनसाहेब म्हणाले, "अरे, एवढं काय मनावर घेतोस? कोण बघतंय?" पण नियम मीच लिहिलेला, मीच मोडला तर मेहुण्याला कोणत्या तोंडाने सांगू? तीन दिवस भरताच मी वळकटी बांधली. माझी ट्रंक फाटकापर्यंत मेहुण्याने स्वतः उचलून आणली. (माणूस मदतीला पुढे आहे.) मग तो वर जाऊन झोपला. संपूर्ण इमारतीत नियम चौथा पाळणारा मी एकटाच आहे.

मावशीलाही रीतसर नोटीस द्यावी लागली. तिने तिची घडी करून डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाली, "मेल्या, जेवायला तरी ये." जेवायला जाता येते. तीन दिवस कोणत्या जेवणापासून मोजायचे हे मात्र मी लिहायचे विसरलो, त्यामुळे घास उतरत नाही.

तुला तोशीस द्यावी असा मुळीच हेतू नाही. केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिले.

तुझा आज्ञाधारक मावसभाऊ

ता. क. : थोडा हेतू आहे. पाटीवर मावशीचे आणि माझे नाव घालण्याचा अर्ज तयार आहे. अकरा दारांच्या सह्या झाल्या. (मेहुण्याने ड्रायव्हरकाकांना हाताला धरून सर्वांत आधी सही करायला लावली.) आपल्या दारातर्फे सहीचा हक्क पाटीवरच्या माणसालाच आहे. अर्ज सोबत जोडला आहे. सही करून पोस्टाने परत पाठवावा.

ता. क. दुसरा : अर्ज सोबत जोडलेला नाही. मावशी आत्ता दुकानात डबा घेऊन आली होती. तिने पत्र वाचले, पाकिटातला अर्ज काढून आपल्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "सही पोस्टाने मिळाली तर तो कशाला येईल?" तेव्हा तुला यावेच लागेल. मागच्या खेपेला, सहा वर्षांपूर्वी, तू दीड दिवस राहिला होतास. मी नियमावली पुन्हा दोनदा वाचून खात्री करून घेतली आहे : आपल्या दारात हवे तितके दिवस राहण्याची परवानगी फक्त तुला आहे.