हुबेहूब किल्ली

७ मार्च, सकाळ
आणि वर मलाच म्हणतो, किल्ली माणसासारखी फिरव. जसा काही मी आजवर बैलासारखा फिरवत होतो! रूमवरचा वकील हा असाच. धंद्याने वॉचमन. गेटवर बारा तास कोणी बोलायला नसतं, मग सगळा युक्तिवाद माझ्यावर काढतो. म्हणून वकील.
स्कूटरचं लॉक अडकतं यात माझा दोष शून्य. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. फिरली तर बाहेर येत नाही. सीटसुद्धा त्याच लॉकमध्ये किल्ली उलटी फिरवून उघडते. म्हणजे एक बिघडलं की दोन्ही गेलं. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?
ठरलं. स्वतः दुरुस्त करायचं. मॅडमना कळता कामा नये.

७ मार्च, संध्याकाळ
मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीण. आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. त्या सीटखाली ठेवून मी दवाखान्यांत पोचवतो. घरी सांगितलंय, ट्रान्सपोर्ट बघतो. खोटं काय त्यात? लॅबचं सगळं ट्रान्सपोर्ट मी एकटाच आहे.
मॅडमनी शब्द दिलाय. वीस तारखेपर्यंत डिलिव्हरीची बोंब नको, स्कूटरची कटकट नको, मग तुला पक्का करते आणि पाच हजार उचल देते. ते पाच हजार धाकटीचे. तिला नर्सिंगला जागा मिळालीय. पंचवीसच्या आत पैसे भरले नाहीत तर जागा गेली. आईला फोनवर बजावलंय, काकाच्या दारात जायचं नाही, मी काय मेलोय का? आई म्हणाली, असलं अभद्र बोलू नये. बरं, नाही बोलत. पण जायचं नाही.

८ मार्च
डोक्याचं तेल लॉकमध्ये सोडलं. अर्धी बाटली. सुवासिक. किल्ली पहिल्या झटक्यात फिरली!
लोक चार-चार वर्षं इंजिनिअरिंग शिकतात, कशाला कोण जाणे. मी सातवीत शाळा सोडली ते बरंच झालं. डोकं वापराविना कोरं राहिलं.

११ मार्च
लॉक जाम. तेलावर रस्त्याची धूळ बसून आत चिखल झालाय. दोष धुळीचा. वीस मिनिटं हँडल हलवलं, किल्लीला गोंजारलं, मग शिव्या दिल्या. शिव्यांना चालू झाली. दवाखान्यात दहा मिनिटं लेट. डॉक्टर काही बोलले नाहीत. पेशंटला बोलता येत नव्हतं.
वकील म्हणतो, लॉकमध्ये तेल घालायचंच नसतं, शिसपेन्सिलीची भुकटी घाल, कुलूपवाले तेच करतात. म्हटलं, पेन्सिलीने माझं आजवर कधी भलं झालेलं नाही. विषय संपला.

१३ मार्च
मूळ दुखणं सापडलं. लॉक ठणठणीत आहे, किल्लीच म्हातारी झालीय. तिचे दात झिजलेत. दातांच्या लाइनमध्ये असून मला आधी कसं दिसलं नाही?
फूटपाथवरच्या किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, न वापरलेली दुसरी किल्ली आहे का घरी? आहे ना. मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. पण ती मागायची म्हणजे कबुलीजबाब. म्हटलं, हीच आहे, हिच्यावरून दोन काढ. आणि केसाइतकाही फरक नको, हुबेहूब पाहिजे. तो दोनदा म्हणाला, दादा, झिजलेलीवरून नका काढू. मी ऐकतोय होय! अशाच थापा मारून हे लोक बंगले बांधतात. समोर उभा राहून हुबेहूब करून घेतल्या.

१४ मार्च
दोन्ही नव्या किल्ल्या अडकतात. त्याच जागी, तशाच. कारागीर चांगला होता.
वकील हसून हसून खाटेवरून पडायचा बाकी होता. म्हणे, आजारी माणसाचा फोटो काढलास आणि त्याच्या जागी फोटोला कामावर पाठवलंस. याला डबल ड्युटी का लागत नाही?

१६ मार्च
नवी युक्ती. स्कूटर बंदच करायची नाही. इंजिन बंद केलं नाही तर किल्ली फिरवायची वेळ येतेच कशाला? कवळ्यांचा डबा सीटखाली नाही, पायांशी. दवाखान्यासमोर स्कूटर फुरफुरत उभी, मी आत जाऊन बाहेर. असले साधे उपाय लोकांना सुचत नाहीत.

१७ मार्च
पेट्रोल दुप्पट. मॅडमनी कारण विचारलं. म्हटलं, वारा समोरून होता. जाताना? हो. आणि येताना? येतानाही. मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक असावं.
म्हणाल्या, स्कूटरचं काही असेल तर आत्ता सांग, आजच करून घेऊ. म्हटलं, मॅडम, एकदम टकाटक. म्हणाल्या, मग डबा पायांशी का? उद्यापासून सीटखाली ठेवायचा.
बाईमाणसाची नजर फार बारीक.

१९ मार्च, सकाळी ११.४०
आजचा दिवस निभावला की गंगेत घोडं न्हालं. एकच डिलिव्हरी. एका रिटायर हेडमास्तरांची कवळी. बाराला डॉक्टर बसवणार, पाचला त्यांचं शाळेत भाषण, प्रमुख पाहुणे म्हणून.
मॅडम दारात उभ्या. सीट कशीबशी उघडली, डबा ठेवला, सीट दाबून बंद केली. आता स्कूटर चालू व्हायला किल्ली फिरेना. ढकलत निघालो. मॅडमनी विचारलं, हे काय? म्हटलं, पेट्रोल वाचवतोय.
कोपऱ्यावर पक्कड लावून जोर केला. किल्ली फिरली नाही. निम्मी पकडीत, निम्मी आत.

दुपारी १२.२५
सीट स्क्रूड्रायव्हरने उचकटायला घेतली. सीट होती तिथेच, स्क्रूड्रायव्हर वाकला. हल्ली लोखंडात दमच राहिला नाही.

दुपारी १.३०
स्कूटर ढकलत दवाखान्यात आणली. दीड किलोमीटर, सगळा चढ. डॉक्टरांना समजावून सांगितलं की दात पोचलेले आहेत, फक्त बाहेर येत नाहीत. त्यांना समजून घ्यायचंच नव्हतं.
मग हेडमास्तर स्वतः बाहेर आले. बिनदातांचे पंधरा मिनिटं बोलले. एक अक्षर कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. शाळा सोडून नऊ वर्षं झाली तरी माझे हात आपोआप मागे गेले, मान खाली.

दुपारी ४.३०
किल्लीवाला आला. तोच. मला ओळखलं. हसला. तुटका तुकडा चिमट्याने काढला. मागोमाग काळा लगदा आला, वास हुबेहूब माझ्या डोक्याचा. लॉक फवारा मारून धुतलं, वाळवलं, वर काळी भुकटी सोडली. काय ते विचारलं. पेन्सिलीत असतं तेच, म्हणाला. वकिलाला सांगायची काही गरज नाही.
शेवटी वाकड्या तारेने सीट उघडली. कवळी सुखरूप. डॉक्टरांनी लगेच बसवली. नवे दात लावून हेडमास्तर पहिला शब्द बोलले तो माझ्याकडे बघून. गाढव.
उच्चार एकदम स्पष्ट. आमच्या लॅबच्या कामाला तोड नाही.

२० मार्च
लॅबमध्ये माझ्याआधी डॉक्टरांचा फोन पोचला होता.
मॅडमनी ड्रॉवरमधून कोरी किल्ली काढली, खाली आल्या, लॉकमध्ये घातली. लोण्यासारखी फिरली. म्हणाल्या, मागितली असतीस तर एका मिनिटाचं काम होतं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मलाही दोन शब्द बोलता आले असते.
पक्कं करायचं तीन महिन्यांनी बघू. उचल नाही. किल्लीवाला आणि जास्तीचं पेट्रोल पगारातून कापणार. याचा सरळ अर्थ, तीन महिने मला काढत नाहीत. म्हणजे एका परीने पक्का झालोच की.

२२ मार्च
घरी फोन लावला. बँकेचं मशीन बंद आहे असं सांगायचं ठरवलं होतं. वाक्य दोनदा पाठ केलं. धाकटीने उचलला. म्हटलं, अगं ते बँकेचं जरा... ती म्हणाली, दादा, राहू दे. पैसे दहा तारखेलाच भरले.
काकाने दिले. बदल्यात ती दर रविवारी त्याच्या दुकानात बसते. आई म्हणाली होती, दादाला इतक्यात सांगू नको, त्याला लागेल.
दहा तारखेला. म्हणजे मी तेल घातल्यावर दोनच दिवसांनी. पुढचं सगळं मी कोणासाठी केलं मग? म्हटलं, आईला दे फोन. म्हणाली, ती झोपलीय. संध्याकाळी सहा वाजता!
 मग धाकटीच म्हणाली, कॉलेजात पांढरे बूट लागतात, तेवढं जमलं तर बघ. नाही जमलं तरी चालेल. आणि जेवतोस ना वेळेवर? म्हटलं, बुटांचं बोल, केवढ्याला? चारशे ऐंशी, म्हणाली. हात्तिच्या, म्हटलं, एवढंच ना!

२४ मार्च
सगळे खिसे, उशीखालचं, डब्यातलं एकत्र केलं. वकिलाकडे मागणार नाही. त्याने न मागता शंभराची नोट पुढे केली, ती परत केली. आपल्या बहिणीचे बूट आपणच घ्यायचे.
अर्धे जमले. म्हणजे एक बूट नक्की माझा. डावा की उजवा ते तिने ठरवावं.
पैसे पाठवायच्या फॉर्मवर रक्कम आकड्यात लिहिली, ऐटीत सही ठोकली. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. म्हणाल्या, अक्षरी राहिलं, शेवटी फक्त लिहायचं, म्हणजे कोणी वाढवू शकत नाही.
लिहिलं. दोनशे चाळीस फक्त.