मावशींचा डावा पाय

सर, आज दवाखाना दुपारीच बंद केला. तसं कारण काही नाही, दमले होते. औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवरच हे लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तुमच्याशी बोलायचं तर आता असंच.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात नुसती हाडं आणि पाठांतर. जिवंत पेशंट दिसायला अजून वेळ होता. वडिलांनी ओळखीतून तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शनिवारी येऊ दे. पण मी काही वर्ग घेणार नाही." मग दर शनिवारी मी एसटीने दिंडोरीला तुमच्या दवाखान्यात यायचे आणि टेबलाशेजारी स्टुलावर बसायचे. पहिल्याच दिवशी मी वही काढली, तर तुम्ही ती मिटून बाजूला ठेवलीत. "औषधं नंतर शिकशील. आधी माणूस दारातून आत कसा येतो ते बघ." पेशंट बाहेर गेला की विचारायचात, "काय दिसलं?" मी म्हणायचे, "काही नाही सर." एकदा चिडलात. "मग डोळे घरी ठेवून येतेस का?" त्या दिवशी परतीच्या एसटीत मी सगळा रस्ता रडले होते. पुढच्या शनिवारी मात्र एका आजोबांच्या बोटांची नखं निळसर दिसतायत हे मी तुमच्याआधी सांगितलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. तेवढ्यावर माझे कित्येक महिने गेले.

आणि नंतरचा तो एक शनिवार. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस आहेत. पन्नाशीचे एक बागाईतदार डावा खांदा चोळत आत येतात. "लय ठणकतंय डॉक्टर. दोन दिवस झाले, कात्री हातातून सुटली नाय." बाहेर बाकावर जागा नाही, लोक पायरीवर बसलेत. तुम्ही खांदा दाबून बघता, गोळ्या देता, दोन दिवस बागेत जाऊ नका म्हणता. शेजारच्या खोलीत कार्डिओग्रामचं मशीन आहे. त्यांना दरदरून घाम आलाय, हे मलाही दिसतं. पण बाहेर ऊन आहे, घाम सगळ्यांनाच आलाय.

पुढच्या शनिवारी मी आले तर तुम्ही गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होतात. "ते गेले. त्याच संध्याकाळी. चल माझ्याबरोबर."

त्यांच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या, भोवती नातेवाईक. तुम्ही खुर्ची नाकारलीत आणि त्यांच्यासमोर खाली बसलात. म्हणालात, "वहिनी, त्या दिवशी मी त्यांचा कार्डिओग्राम काढायला हवा होता. मशीन शेजारच्या खोलीत होतं. छाटणीनं खांदा दुखतोय असं मी धरून चाललो. माझं चुकलं."

त्या म्हणाल्या, "मंग का नाय काढला?"

"घाई केली," तुम्ही म्हणालात.

त्या उठल्या आणि आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. कोणीतरी चहा आणून ठेवला, त्याला कुणी हात लावला नाही. शेवटी त्यांचा मुलगा येऊन म्हणाला, "डॉक्टर, आता जा तुम्ही." त्याच्या आवाजात राग नव्हता. ते घर पुन्हा कधी तुमच्या दवाखान्यात आलं नाही.

परतताना मला वाटत होतं की आता तुम्ही काहीतरी शिकवाल. गाडी चालवता चालवता तुम्ही म्हणालात, "तुला शिकवायला नव्हतं नेलं. आठवडाभर एकट्यानं जायचं धाडस झालं नाही माझं."

आता पंचवटीत माझा दवाखाना आहे आणि माझ्याकडेही पहिल्या वर्षाची एक मुलगी येते. कॉलेजच पाठवतं. ती हुशार आहे, फार हळू बोलते. दीड महिन्यापूर्वी भाजीबाजारातल्या एक मावशी आल्या, दम लागतो म्हणून. मी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त कमी वाटलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. ती मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, त्यांचा डावा पाय सुजलाय. एकच." मी न बघता म्हटलं, "दिवसभर उभ्या असतात त्या. पुढच्यांना बोलव."

तीन दिवसांनी मावशी अतिदक्षता विभागात होत्या. पायातल्या रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. वाचल्या, सर. मी त्या मुलीला घेऊन भेटायला गेले. मावशींनी नळ्या लावलेल्या हातानं माझा हात धरला. "मॅडम, तुम्ही एवढ्या कामातनं आल्या. लय बरं वाटलं." मी म्हटलं, "आराम करा." बाहेर जिन्यात मुलीनं विचारलं, "मॅडम, तो पाय...?"

"त्या दिवशी एवढी सूज नव्हती," मी म्हणाले.

 त्यानंतर मी "काय दिसलं?" असं विचारलं की ती "काही नाही मॅडम" म्हणायला लागली. हे मात्र मला सहन होईना. मागच्या आठवड्यात पेशंट संपल्यावर मी तिला थांबवलं आणि सांगितलं, "सूज होती. तू बरोबर सांगितलंस, मी बघितलं नाही. वर तुझ्याशी खोटं बोलले."

"माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. मग विचारलं, "मावशींना सांगितलंत?"

मी म्हटलं, सांगणार आहे.

काल मावशी तपासणीला आल्या. पायाची सूज उतरलीय, दम लागत नाही. पदराखालून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मावशींचा रक्तदाब घेतला, रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका म्हटलं, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. जुडी घरी नेली, रात्री भाजी केली.

मावशी बाजारात बसतात ती जागा इथून चालत पाच मिनिटांवर आहे. आता या वेळी त्या तिथेच असतील. आणि मी दार लावून तुम्हाला लिहीत बसलेय, कारण "मंग का नाय बघितला?" असं तुम्ही मला विचारणार नाही.