दिव्याची ऊब

रोहा, मंगळवार, नोव्हेंबर १९९५

चार महिने मी समजत होतो, माझ्या भुकटीतून उजेडात वीज जास्त वाहते. सेंद्रिय रसायनात चांदी बांधून इतकी बारीक भुकटी कंपनीत कुणी केली नव्हती. दिवा लावला की मीटरचा काटा बरोबर सतरावर. गुरुवारी साहेब ती मुंबईच्या मोठ्या साहेबांना दाखवणार आहेत, माझ्या नावानं.

आज नथू, मिठागर सोडून कंपनीत लागलेला आमचा ऑपरेटर, दिव्याजवळ हात धरून म्हणाला, "नाना, यो उजेड नाय, ताप हाय."

"मिठातलं तुला कळतं, यातलं नाय."

"मंग दिवा झाकून बघ ना! घाबरतस कशाला?"

दिव्यावर काळा डबा पालथा घातला. उजेड शून्य. डबा तापला तसा काटा चढत गेला. सतरा. तीनदा केलं, तिन्हीदा सतरा. म्हणजे वीज उजेडानं नव्हे, दिव्याच्या उष्णतेनं वाढत होती. इतकी साधी तपासणी मला का सुचली नाही? एकट्यानं पुस्तकांतून शिकलो म्हणून?

उद्या साहेबांना सांगणार. परत पूर्वीसारख्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लावतील, लावोत. पण चूक नथूनं पकडली, हेही सांगायचं का? मघापासून तेवढ्यावरच अडलोय.