स्टेलाबरोबर लोखंडी वाटेवर

४ डिसेंबर, गुरुवार
स्टेला सकाळीच आली. चप्पल न काढताच आत. "नलू, बुकिंग केलं. तुझंही." भंडारदऱ्याच्या पुढे एका कड्यावर लोखंडी वाट केली आहे म्हणे. खडकात ठोकलेल्या पायऱ्या, शिड्या, बाजूने जाड तार. कमरेचा पट्टा तारेला अडकवायचा आणि चढायचं. युरोपात लोक सुट्टीत हेच करतात. तिथलं नाव तिने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं.
ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता: "शिर्डीला जा की. तिथंही धरायला रेलिंग असतं."
खूप हसलो.
जाताना दारात हळूच म्हणाली, "जोएलला बोलू नकोस." जोएल तिचा मुलगा, पुण्यात असतो. ती डोंगराबद्दल बोलत नव्हती. दिवाळीआधी डॉक्टर जे बोलले त्याबद्दल. विसरण्याचा आजार, सुरुवात आहे. मी सोबत गेले होते म्हणून मला माहीत. मुलाला कळलं तर तो इथल्या घराला कुलूप लावून तिला घेऊन जाईल. "चौथा मजला, नलू. लिफ्टमध्ये ओळखीचं कुत्रंसुद्धा नसतं."
कबूल केलं मी. तेव्हाही आणि आजही.

७ डिसेंबर, रविवार
सराव म्हणून नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबिबी महाल. पायथ्याशी गाडी लावून पायवाटेने वर. ती पुढे, मी मागे धापा टाकत. शाळेत तरी वेगळं काय होतं? ती स्कर्ट खोचून चिंचेवर, मी खाली पहाऱ्याला. सिस्टर येताना दिसल्या की मी मोठ्याने 'हेल मेरी'ची प्रार्थना सुरू करायची, हा इशारा. देशपांड्यांची मुलगी किती भाविक, म्हणून मला बक्षिसात मदर मेरीचं चित्र मिळालं होतं. स्टेलाला चिंचा.
वर पोचल्यावर तिने विचारलं, "गाडी कुठे लावली आपण?" सांगितलं. उतरताना परत तेच. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. मग ती गाडीपर्यंत माझा दंड धरून चालली.
तारेला हूक कधी अडकवायचा, कधी सोडायचा, हे तिच्या लक्षात राहील?
घरी येऊन ठरवलं, जायचं नाही. तसं सांगायला फोन केला. तिकडून, "बूट नवे घेऊ का गं?"
"घे," म्हणाले.

१२ डिसेंबर, शुक्रवार. भंडारदरा
संगमनेर, अकोले, मग ते वळणावळणाचं. स्टेला सगळा रस्ता शाळेच्या ट्रिपची गाणी म्हणत होती. शब्द न् शब्द पाठ. ट्रिपला सिस्टरनी आम्हाला धरणाच्या भिंतीपाशीच थांबवलं होतं. "गर्ल्स, वरचं इथूनही छान दिसतं." स्टेलाने ते वाक्य अजून माफ केलेलं नाही.
दुपारी बुटक्या खडकावर सराव. शिकवणारी सारिका, इथल्याच वाडीची, तिशीची असेल. आवाज शिट्टीसारखा. पट्ट्याला दोन दोऱ्या, दोन हूक. तार जिथे खडकात ठोकली आहे तिथे एक सोडून पलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एका वेळी कधीच सोडायचे नाहीत. "दोन्ही सोडले तर मंग मला न्हाई, घरच्यान्ला हाक मारायची."
वाटेत मधे एका कोनाड्यात देवीचा तांदळा आहे, शेंदूर लावलेला नुसता दगड. वाट व्हायच्या आधीपासूनचा. "तितं लोक हात जोडत्यात आन् तोल जातो. एकच हात कपाळाला लावायचा, दुसरा तारंवर. देवीला चालतं. आमी कौल लावून इचारलंय."
शेवटी सारिकाने सगळ्यांना विचारलं, "कुनाला काय तरास? बीपी, चक्कर, काय बी?"
स्टेलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला नाही. हिला भीती आहे, तेवढं बघा."
मी पट्ट्याचं बक्कल घट्ट करत राहिले.
स्टेलाचे हूक एकदाही चुकले नाहीत. माझे दोनदा.

१३ डिसेंबर, शनिवार
खोलीवर येऊन लगेच लिहायला बसले.
सकाळी स्टेला अंघोळीला गेली तेव्हा मी सारिकाला गाठून सांगितलं. ती चिडली. "काल इचारलं तवा काय झालं हुतं, मावशी? रद्द करू का?" मी म्हणाले, रद्द नको. "मंग काय पायजे?"  तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं, बराच विचार केला, आणि स्टेलाला स्वतःशी बांधायला आखूड दोर काढला.
स्टेलाने दोर पाहिला. "मला का? हिला का नाही?" मग माझ्याकडे वळली. सिस्टरना चिंचेचं मीच सांगितलं असं कळलं असतं तर पाहिलं असतं तशी.  दोर बांधून घेतला.
मी पुढे, स्टेला मधे, सारिका तिच्या मागे. पहिली शिडी ठीक. खाली पाहायचं नाही म्हटलं तरी पाहिलं. रतनवाडीकडची भातखाचरं हाताच्या तळव्याएवढी. मग कोनाडा आला. देवी दिसली आणि माझे दोन्ही हात आपोआप जुळले. गेलेच मी मागे! हूक होते म्हणून पट्ट्यावर लोंबकळले, गुडघा खडकावर आपटला. सारिका खालून ओरडली, "मावशे, काल काय सांगितलं?" आणि स्टेला, मला तारेकडे ओढत: "ख्रिश्चन असण्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला."
दोर बांधल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.
त्यानंतर माझे पाय ऐकेनात. दुसऱ्या शिडीवरून पुढे गेले, तर मागून तिचा आवाज. "नलू, आता काय?" वळून पाहिलं. तिच्या हातात एक उघडा हूक, नजर माझ्यावर.  म्हणाले, "लाव." "कुठे?" "पुढच्या तारेला. हं. आता दुसरा." सारिकाने दोर हातात धरला होता, पण मधे बोलली नाही. तिथून माथ्यापर्यंत दर वेळी मी सांगायचं, तिने लावायचा. माझे पाय कधी थांबले थरथरायचे, कळलं नाही.
माथ्यावर वारा. ती बसली, बूट काढले. म्हणाली, "विसरले नव्हते मी. तू पडशील असं वाटलं. तुला काम दिलं."
खरं?
सारिकाला बाजूला विचारलं. "मला काय म्हाईत, मावशी? दोर तर ढिलाच हुता, वढायची येळच न्हाई आली."

१७ डिसेंबर, बुधवार
चार दिवस फोन नाही. मी केला, उचलला नाही. गुडघा काळानिळा. हे शेक देतात आणि शिर्डीचं नाव काढत नाहीत, एवढी दया.
तिने खरोखर नाटक केलं असेल तर मी तिचा विश्वास उगाच मोडला. नसेल केलं तर... दोन्हीपैकी काय बरं, तेही ठरत नाही.

२१ डिसेंबर, रविवार
स्टेलाचा निरोप: जोएल नाताळला आलाय, जेवायला ये. गेले. जणू काही झालंच नाही. डोंगराची गोष्ट तिने रंगवून सांगितली. माझं लोंबकळणं दोनदा, तेही अभिनयासकट. जोएल हसून हसून लाल.
मग नाताळच्या करंज्या. पहिला घास घेतला. सारणात साखरच नव्हती. जोएलने अख्खी करंजी खाल्ली, दुसरी घेतली, तीही संपवली. मग माझ्याकडे पाहिलं.
रिक्षापर्यंत सोडायला आला. "मावशी, आई ठीक आहे ना? खरं सांगा." ती व्हरांड्यात उभी होती, हात हलवत.
"उद्या सकाळी फोन कर," म्हणाले. "इथे नको."

२२ डिसेंबर, सोमवार
जोएलच्या आधी तिचाच फोन.
"तुला काय विचारलं त्याने?"
सांगितलं. खोटं बोलवेना.
"आणि तू काय सांगणार?"
"तू म्हणशील ते नाही, स्टेला. या वेळी नाही."
पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग, "बरं. पण डोंगर चढले ते आधी सांग. नीट सांग. मग बाकीचं."
"आणि चौथा मजला?"
"त्यावर मी भांडेन. तुला नाही जमत."
ठेवला.
हे अंगणात आहेत. मी फोन मांडीवर घेऊन बसले आहे. सुरुवातीचं वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं: जोएल, तुझी आई कडा चढली. त्याच्या पुढचं वाक्य अजून सापडत नाही आणि फोन वाजतोय.