कपाटामागे रेंज येत नाही

ती. आत्यास,

तुझ्या लाडक्या (आणि एकुलत्या एका, त्यामुळे स्पर्धा नाही) भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तू यायचं म्हणतेस, पण आमचा जिना तुला ठाऊकच आहे, तेव्हा उगाच घाई करू नकोस. इकडे सगळं ठीक. तू दिलेलं लोखंडी कपाटही ठीक. (माझ्या आधी त्याची चौकशी करतेस, म्हणून लिहिलं.)

विशेष म्हणजे आम्ही घरात इंटरनेट घेतलं. हसू नकोस. पुस्तकं बांधून घेणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत आणि त्यातले दोघे नुसते गप्पा मारायला येतात. म्हणून तुझ्या भाचेसुनेने काम शोधलं. डॉक्टर आपले तपासणीचे अहवाल बोलून ठेवतात, ते ऐकून हिने घरबसल्या टाइप करून पाठवायचे. पहिला महिना परीक्षेचा. त्यात तीनदा लाइन तुटली की काम दुसऱ्या कुणाला. थोडक्यात, घर चालायचं तर नेट हवं आणि नेट घ्यायला हात आखडलेला.

मग मी कंपन्यांचे उंबरे झिजवले. पहिल्या टायवाल्याकडे 'अमर्याद' योजना होती. छापील कागद उलटून बघायची माझी धंद्याची सवय, तर मागे मुंगीएवढ्या अक्षरांत मर्यादा. विचारलं तर म्हणाला, मर्यादेपर्यंत अमर्यादच आहे. दुसऱ्याची योजना स्वस्त, पण सोबत टीव्हीच्या एकशे चाळीस वाहिन्या गळ्यात. (आमच्याकडे टीव्ही नाही. वाहिन्या काढून टाका म्हटलं, तर काढल्यावर ती महाग होते म्हणे.) तिसरा पहिला महिना फुकट देत होता, फक्त पुढच्या वर्षाचे पैसे आधी. मी डोक्याला हात लावून घरी आलो.

शेवटी समोरच्या दारातल्या गणिताच्या बाई (निवृत्त आहेत, पण तास अजून सुटलेला नाही) म्हणाल्या, माझंच वापरा आणि अर्धं बिल भरा. पासवर्ड म्हणजे एकोणतिसाचा पाढा, दहापर्यंत सबंध. माझ्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला, मगच आत सोडलं.

बाहेरच्या खोलीत रेंज झकास. पण तिथे माझी हातोडी चालते. पुस्तकाची पाठ ठोकून गोल करावी लागते, त्या ठोकाठोकीत डॉक्टरांचा 'डावा' बुडाला आणि कुणाचा तरी गुडघा बाजू न सांगताच अहवालात गेला. ऑफिसातून फोन आला. बिचारी मागच्या खोलीत कपाटाआड जाऊन बसली, तर तिथे दोन दिवसांत दोनदा लाइन तुटली. आणखी एकदा तुटली की काम गेलंच.

लाइन दुरुस्त करणारा आला. मोबाइल वर धरून घरभर फिरला. कपाटाच्या पुढे सगळ्या रेघा भरलेल्या, मागे एकही नाही. त्याने कपाटावर दोनदा टकटक केलं, आदराने मागे सरला आणि म्हणाला, असला पत्रा आता बँकेतही मिळत नाही. खरं सांगतो आत्या, मला अभिमान वाटला. हे हलवा, नाहीतर मागे दुसरं यंत्र बसवा, असं त्याचं म्हणणं. यंत्र परवडेना आणि त्या खोलीत कपाट हलवायचं तर आम्हाला बाहेर झोपावं लागेल. तुझी सून कपाटाला टेकून खाली बसली आणि रडली. मला ते बघवलं नाही.

असो. त्यानंतर लाइन एकदाही तुटली नाही आणि काम पक्कं झालं. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता. क. कपाट ठीक आहे हे खरंच आहे. फक्त ते आमच्याकडे नाही, समोर बाईंकडे आहे. त्यांना भक्कम कपाट हवंच होतं. बदल्यात दोन वर्षं आमचं अर्धं बिल माफ. न्यायला दोन्ही दारांच्या चौकटी काढाव्या लागल्या. (आमची तीच, जी आणताना तू उभं राहून काढायला लावली होतीस.) तू कधी आलीस तर तिकडे जाऊन हात फिरवायला बाईंनी चार ते पाच ही वेळ दिली आहे.

ता. क. दुसरा. लग्नात तू किल्ली हिच्या हातात देऊन म्हणाली होतीस, "हे तुझं. याच्या बापाचंसुद्धा नाही." ते मी विसरलेलो नाही. तरी कपाट मीच दिलं. तिला बोल लावू नकोस.

ता. क. तिसरा. आत्याबाई, अक्षर बदललं म्हणून घाबरू नका, मी लिहितेय. ह्यांनी एवढं पाल्हाळ लावलं ते मला वाचवायला. कपाट मी दिलं. ह्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तुम्ही माझं म्हणाला होतात, म्हणूनच द्यायचा धीर झाला. रागवायचं असेल तर समोर येऊन रागवा. पहिल्या पगारातून तुमचं तिकीट काढलंय, पाकिटातच आहे. जिन्याचं ह्यांचं ऐकू नका, हात धरून वर आणीन. कपाटाच्या जागी तुमची खाट घातली आहे.