खालच्या गोलाकडची जमीन

मी, मॅग्नस टुलॉख, वय सहासष्ट, धंदा सुतारकाम, राहणार हार्बर ब्रे, पोर्टकार्नी, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. दुपारच्या औषधानंतर ते थोडा वेळ धुक्यात जातं, म्हणून हे सगळं सकाळी लिहिलं आहे. वकीलबाई मिस गेडीज यांनी मजकूर कायद्यात बसवला. मधूनमधून मी जे बोललो आहे ते त्यांना खोडायचं होतं, पण मी खोडू दिलं नाही. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी विल्मा हिला, आणि तिच्या पश्चात घर आमचा मुलगा क्रेग याला. विल्माने आमच्या क्लबच्या, म्हणजे पोर्टकार्नी थिसलच्या गोलांसाठी माझ्या वडिलांची मासेमारीची जाळी वर्षानुवर्षं सांधून दिली. कुठल्याच समितीने तिचे आभार मानले नाहीत. ते मी इथे मानतो.

कलम २. सुतारकामाची हत्यारं क्रेगला. तो ॲबरडीनला कचेरीत बसतो आणि त्याला धड खिळा ठोकता येत नाही. तरी हत्यारं त्यालाच, कारण तो माझा मुलगा आहे.

कलम ३. माझे फुटबॉलचे बूट माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावेत. तेरा वर्षं मी थिसलचा खेळाडूही होतो आणि प्रशिक्षकही. शुक्रवारी अकरा नावं मीच लिहायचो आणि त्यात मी असायचोच.

"या वेळी कोणाला घेतलंस?" विल्मा विचारायची.

"मला."

"बरा खेळतो का?"

"प्रशिक्षकाच्या मर्जीतला आहे."

एका एप्रिलमध्ये सामना चालू असताना समुद्रावरून धुकं चढलं. बघता बघता माझी माणसं दिसेनाशी झाली. कोणाला पुढे हो म्हणू, कोणाला मागे ये म्हणू? प्रशिक्षक म्हणून मी तिथेच संपलो, नुसता खेळणारा उरलो. त्या पांढऱ्यातून चेंडू अलगद माझ्याकडे आला. मी मारला. कुठे गेला ते दिसलं नाही, पण थोड्या वेळाने जाळी सरसरली.

"गोल कोणी मारला?" पंच कुठून तरी ओरडला.

"कोणी का मारेना, लिहून टाका, गारठलो!" लांबून आमचा गोलकीपर म्हणाला.

मी तसाच धुक्यात उभा राहिलो. इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही. आता दुपारी औषध घेतलं की मी तिथेच असतो. पायांना वजन नसतं, सगळीकडे दुधासारखा उजेड असतो आणि आपली माणसं जवळपास आहेत हे नुसतं माहीत असतं. विल्मा हाक मारते तेव्हा परत कुठल्या बाजूने यायचं ते क्षणभर समजत नाही.

कलम ४. दफन. शवपेटी खाली सोडायला आठ दोऱ्या असतात आणि कोणती दोरी कोणाची, हे आधी ठरवून ठेवायचा आमचा रिवाज आहे. ही माझी शेवटची निवड. डोक्याकडे क्रेग. पायाकडे विल्मा; बायकांनी दोरी धरायची नसते असं कोणी म्हणालं तर त्याने घरी जावं. मधल्या सहा दोऱ्या माझ्या वेळच्या खेळाडूंपैकी जे हिंडते-फिरते असतील त्यांना. सावकाश सोडा म्हणावं, मला आता घाई नाही.

डुगल्ड रेनीला दोरी नाही. त्याचं काय ते पुढच्या कलमात.

कलम ५. मैदानाचा वरचा अर्धा भाग क्लबचा आहे. मधल्या रेषेपासून समुद्राकडच्या गोलापर्यंतचा खालचा अर्धा माझा. आजोबांनी आपली गुरं काढून तो पोरांना खेळायला दिला, आणि तो तोंडी शब्द आजवर चालला. आता एक बांधकामवाला मागे लागला आहे. माझ्यानंतर ज्याच्या हाती ही जमीन जाईल त्याने ती विकली, तर थिसल बुडालं. अर्ध्या मैदानावर फुटबॉल होत नाही.

क्रेगला मी विचारून पाहिलं.

"बाबा, आठ घरं बसतील तिथे. प्रत्येक खिडकीतून समुद्र."

"आणि गोल?"

"अहो, मी लगेच विकीन असं कुठे म्हणतोय?"

'लगेच' हा शब्द मला ऐकू आला. पोरगा वाईट नाही, त्याचा जीव इथे नाही इतकंच. क्लबच्या नावावर करावी, तर समिती दर वर्षी बदलते, आणि निम्म्यांना शाळेचं मैदान आत्ताच बरं वाटू लागलं आहे.

राहिला डुगल्ड. आमच्या गावचा खाटीक, तेव्हाही क्लबचा अध्यक्ष, आणि शाळेपासूनचा माझा दोस्त. मी एक्केचाळीसचा असताना, कपच्या सामन्याला दोन दिवस उरले असता, तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"मॅग्नस, शनिवारी तू नाहीस."

"नावं मी लिहितो, डुगल्ड."

"यापुढे नाही लिहायचीस. पाय गेले रे तुझे. सगळ्यांना दिसतंय, सांगत कोणी नाही."

"खालची जमीन कोणाची आहे, विसरलास वाटतं? उद्याच्या उद्या कुंपण घालीन."

"खुशाल घाल. तरी शनिवारी तू नाहीस."

शनिवारी मी तारेचं भेंडोळं दारात काढलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो. आरडाओरडा घरापर्यंत येत होता. ते माझ्याशिवाय जिंकले. कुंपण घालायला माझे हात काही उठले नाहीत. त्या दिवसापासून मी डुगल्डशी बोललेलो नाही, आणि मटणही शेजारच्या गावातून आणतो. तो चुकला, असं माझं आजही म्हणणं आहे. निदान उत्तरार्धात मी लागलो असतो.

पण इथे पडल्या पडल्या मी गावातला एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून पाहिला. जमिनीचा धाक घातला तरी जो हलला नाही, तो पैशालाही हलणार नाही, आणि असा माणूस मला एकच सापडला. सबब खालच्या गोलाकडची सगळी जमीन मी डुगल्ड रेनी याला देतो. अट काही नाही. त्याच्यानंतर कोणाची, ते त्याने ठरवावं. माणसं वगळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

विल्मा म्हणते, "जिवंतपणीच बोल की त्याच्याशी." मी म्हणतो, आधी त्याने बोलावं. तेव्हा हे शेवटचं मिस गेडीज यांनी त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं:

डुगल्ड, गाढवा, मला रोज तुझी आठवण यायची.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि खाली नाव घातलेल्या दोघांच्या देखत मी सही करत आहे.

(सही) मॅग्नस टुलॉख

साक्षीदार:
१. ईना क्रुकशँक, घरी येणारी नर्स (सही)
२. वॉल्टर स्मीटन, शेजारी (सही)

पोर्टकार्नी, ९ जून १९९८, सकाळी, औषधाच्या आधी