ट्रकचा मूळ हिरवा

सरस्वतीपुरम, म्हैसूर

प्रिय पद्मू,

काल हुणसूरला तंबाखूच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या बायकांच्या मजुरीवर बोलले. टाळ्या पडल्या. परतीच्या बसमध्ये मात्र वाटलं, परक्या माणसांना न्याय मिळावा म्हणून जन्मभर घसा फोडला, आणि आपल्या घरातली दोन माणसं काही मला एका पंगतीला बसवता आली नाहीत. थकले रे. हे भाषण नाही, तेव्हा अर्ध्यावर टाकू नकोस.

अप्पांचा ट्रक अजून मागच्या शेडमध्येच आहे. यंदा दसऱ्यात जुन्या गाड्यांची फेरी निघणार आहे, आणि गाडी कारखान्यातून आली त्याच रंगात हवी, अशी अट आहे. म्हणून सहना नावाची मुलगी आली. जुन्या गाड्यांचा मूळ रंग शोधणं हेच तिचं काम. इंजिनाजवळची कारखान्याची पट्टी आपण दर आयुधपूजेला गाडीबरोबर रंगवून बुजवली होती. थिनरचा बोळा फिरवत तिनं आकडे वर काढले. एक क्रमांक बाहेरच्या रंगाचा, एक आतल्या रेक्झिनचा. जुन्या तक्त्यात पाहून म्हणाली, बाहेर फिकट हिरवा, आत तपकिरी.

अप्पा खुर्चीतून गुरगुरले, "पट्टी कशाला वाचतेस? मला विचार. कोवळ्या विड्याच्या पानाचा रंग होता." ती हसली, "अज्जा, तुमच्यावर नंबर छापलेला नाही ना!" पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाला कुणी असं बोलेल यावर माझा विश्वास बसेना. अप्पाही हसले.

पण पट्टी नुसता क्रमांक सांगते. तो रंग आता कुणी बनवत नाही. म्हणून ऊन न लागलेली जागा शोधायची. खरी छटा तिथं टिकते. सहनानं ड्रायव्हरची सीट उचलली. खाली कारखान्याचा हिरवा जसाच्या तसा होता. आणि त्याच्यावर ब्रशचे तीन पट्टे, एकाहून एक गडद. सगळ्यांत गडद पट्ट्याशेजारी त्याच रंगात उमटलेला अंगठा, मधोमध तिरकी रेघ. कढईनं भाजलेला अप्पांचा अंगठा.

सहनाला समजावून सांगावं लागलं. आपल्या रंगाऱ्यांच्या घरात घरचा कर्ता पास केलेल्या छटेशेजारी अंगठा टेकवतो, त्याशिवाय कापड कढईत जात नाही. तुला काय सांगायचं! त्या आयुधपूजेला तू रंगवलेला ट्रक शेवाळासारखा काळपट दिसला, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर अप्पांनी गाडीपुढे पूजेचा कोहळा फोडायचं नाकारलं होतं. "मी पास केलेला रंग असा निघेल? ह्यानंच डब्यात काळा ओतला." तू सांगत राहिलास, अप्पा, तुम्हीच हा निवडलात. मी तुझ्या बाजूनं भांडले, पण अप्पांपुढे माझं वक्तृत्व कधी चाललंय? त्याच आठवड्यात तू हुबळी गाठलीस.

चूक कुठं झाली ते आता कळतं. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की उतरतं. म्हणून रंगारी पायरीभर गडदच धरतो. अप्पांनी तोच नियम ऑइलपेंटला लावला. पेंट वाळून फिका झाला नाही. इतक्याशा गोष्टीपायी आईनं तुझी वाट पाहत डोळे मिटले. मला संताप यायला हवा होता. आला नाही. नुसतं तिथंच ट्रकच्या पायरीवर बसावंसं वाटलं.

अप्पा वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील "होगली बिडू", जाऊ दे म्हणतील, दर वेळेसारखं. पण ते वळून घरात गेले. जेवलेही नाहीत.

आज सकाळी पेंटर गुंडू मूळ हिरव्याशी जुळवलेले नमुने पत्र्यावर लावून घेऊन आला. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सुईत दोरा ओवता येतो. रंग बघायला त्यांना कुणाची गरज नाही. आजवर छटा पास करायचं काम त्यांनी कुणाच्या हाती दिलेलं नाही. गुंडूनं पत्रा पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मी नाही. पद्मू येऊन पास करेल. तोवर ब्रश लावायचा नाही." मी विचारलं, "अप्पा, त्याला आणखी काही लिहू?" म्हणाले, "एवढंच लिही. त्याला कळेल." म्हणून हे पत्र. फोनवर मी तुझ्याशी भांडले असते. आयुधपूजा जवळ आली आहे, गुंडू रोज येऊन विचारून जातो. सकाळच्या उजेडात पोचशील अशी गाडी धर.

तुझीच,
कमलाक्षी अक्का